वाय, चिर आणि पीडी: फ्रीझरमधल्या तीन बाटल्या, चार वर्षं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी रेटिंगच सांगून टाकते, कारण ज्यांना उद्या सकाळी ऑर्डर टाकायचीये त्यांना एवढं सगळं वाचायला वेळ नसणार. वाय-२७६३२ ला पाचपैकी पाच. चिर-९९०२१ ला साडेचार, आणि तो अर्धा कापलाय त्यात रेणूचा काही दोष नाही, ज्यांनी आम्हाला तो विकला त्यांचा आहे, ते पुढे येईलच. पीडी-०३२५९०१ ला चार. तिन्ही स्टेम सेलच्या मीडियात टाकायच्या, पेशीतलं एकेक एन्झाइम थोडा वेळ थांबवणाऱ्या चिमूटभर पावडरी, पाच-पाच मिलीग्रॅमच्या बाटल्या, किंमत बघितली तर पहिल्यांदा कोणालाही वाटतं की एवढ्याशा पावडरीला एवढे पैसे, पण एक बाटली नीट वापरली तर किती महिने पुरते ते बघा आणि मग बोला.

मी पुण्यात एका लॅबमध्ये स्टेम सेल कल्चर बघते, म्हणजे पुढे शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकणाऱ्या पेशी प्लेटमध्ये वाढवते. उंदराच्या ईएस पेशी, ज्या अगदी सुरुवातीच्या गर्भातून काढतात, आणि माणसाच्या आयपीएस पेशी, ज्या कातडीसारख्या साध्या पेशींना मागे नेऊन बनवतात, दोन्ही. नवीन मुलं जॉइन झाली की पहिल्या आठवड्यात हमखास विचारतात, ताई हे मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रवात, रोज काय टाकता, आणि मग मी उभ्या-उभ्या जे सांगते तेच आज सविस्तर लिहितेय. बायोलॉजी सोडून बरीच वर्षं झालेल्यांनाही कळेल असं लिहायचा प्रयत्न आहे.

एन्झाइम म्हटलं की शाळेतलं आठवतं, लाळेतलं अमायलेज, जठरातलं पेप्सिन, म्हणजे अन्नाचे तुकडे करणारी. इथे ज्यांच्याबद्दल बोलतोय ती कायनेज, ती काही तोडत नाहीत, एटीपीमधला एक फॉस्फेट उचलतात आणि दुसऱ्या प्रोटीनवर नेमक्या जागी चिकटवतात, बास एवढंच काम. पण तो फॉस्फेट चिकटला की ते प्रोटीन चालू होतं, किंवा बंद होतं, किंवा थेट कचऱ्यात जातं. आपल्या शरीरात अशी पाचशेच्या वर कायनेज आहेत, आणि एका पेशीचं बाळ होईपर्यंत, कुठली पेशी हृदय होणार, कुठली मेंदू, कुठली वारेत जाणार, यातले बरेचसे निर्णय या फॉस्फेट चिकटवण्या-काढण्यातून पुढे सरकतात. या तीन बाटल्या म्हणजे त्यातल्या तीन कायनेजना थोडा वेळ थांबवणारे रेणू. वाय थांबवतो रॉकला, चिर थांबवतो जीएसके-३ ला आणि पीडी थांबवतो मेकला. थोडा वेळ हे शब्द महत्त्वाचेत. जीन काढून टाकला की गेला तो गेलाच, हे मात्र धुऊन काढता येतं, आणि माझ्या मते आपण पैसे खरे त्या धुऊन काढता येण्याचे देतो.

वायपासून सुरू करते.

माणसाच्या आयपीएस पेशींना एकटं राहणं जमत नाही. त्या कॉलनी करून, एकमेकींना घट्ट चिकटून वाढतात. मी या लॅबमध्ये आले तेव्हा आधी नुसत्या हेला पेशी, म्हणजे कॅन्सरपासून आलेल्या चिवट पेशी, सांभाळल्या होत्या, त्या कशाही सुट्या करा, दुसऱ्या दिवशी प्लेट भरलेली. तीच सवय घेऊन मी आयपीएस पेशी सुट्या केल्या, मोजल्या, नीट समान पसरून प्लेट केल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मायक्रोस्कोपखाली बघितलं तर सगळं पाण्यावर तरंगत होतं. सहा आठवडे वाढवलेली लाइन, म्हणजे एकाच मूळ पेशींची वंशावळ. मॅडम रागावल्या नाहीत, त्यांनी फ्रीझरमधून वायची नळी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी हे टाक, आणि आज रात्री थांबून बघ पेशी कशा मरतात ते, व्हिडिओ काढ.

तो व्हिडिओ मी आजही नवीन मुलांना दाखवते. पेशी सुटी झाली की काही मिनिटांतच तिच्या अंगावर फुगे यायला लागतात, उकळत्या भातावर बुडबुडे येतात ना तसे, येतात जातात येतात जातात, तासन् तास, आणि मग पेशी फुटते. कारण असं की शेजारणीचा हात सुटला की रॉक जोरात चालू होतं. रॉक मायोसिनला आवळायला लावतं, स्नायूत असतं त्याच्याच घराण्यातलं मायोसिन, आणि वर त्याला सैल करणारं जे फॉस्फेटेज असतं त्यालाही दाबून ठेवतं, म्हणजे दोन्हीकडून आवळणंच. पेशी स्वतःलाच इतकी पिळते की मरते. कोबेच्या रिकेन संस्थेतल्या गटाने २००७ मध्ये दाखवलं की माणसाच्या ईएस पेशी सुट्या करताना १० मायक्रोमोलर वाय टाकलं तर जगून कॉलनी करणाऱ्या पेशींचं प्रमाण साधारण १ टक्क्यावरून २७ टक्क्यांवर जातं. मरण्यामागे हे मायोसिनचं आवळणं आहे हे नीट कळलं २०१० च्या सुमाराला. म्हणजे आधी इलाज सापडला आणि आजाराचं कारण नंतर, वैद्यकात असं खूपदा झालंय.

वापरायला एकदम सोपं. पाण्यात विरघळतं, डीएमएसओ या सॉल्व्हंटची गरज नाही. ५ मिलीग्रॅम डायहायड्रोक्लोराइड असेल तर साधारण १.५६ मिली पाणी घातलं की १० मिलीमोलरचा स्टॉक होतो, मग मीडियात हजारास एक टाकायचं, म्हणजे १० मिलीत १० मायक्रोलिटर, डोक्याला ताप नाही. फिल्टर करा, छोट्या नळ्यांत वाटून अॅलिकोट करा, मायनस वीसला ठेवा, परत परत वितळवू नका. फ्रोझन नळी थॉ करताना टाका, सुट्या पेशी पॅसेज करताना, म्हणजे भरलेल्या प्लेटमधून नव्या प्लेटमध्ये लावताना, टाका, सॉर्टिंगनंतर टाका.

पण चोवीस तासांनी काढा. हे मी तीनदा लिहिलं तरी कमीच आहे. बऱ्याच लॅबमध्ये मुलं शुक्रवारी संध्याकाळी पेशी प्लेट करतात आणि सोमवारी मीडिया बदलतात, वाय तसंच आत. पेशी मरत नाहीत म्हणून सगळे खूश असतात, पण नीट बघा त्यांच्याकडे, लांब शेपट्या काढून, चपट्या, एकमेकींपासून लांब ताणलेल्या दिसतात, आयपीएसची ती गोल चमकदार कडा असलेली कॉलनी दिसतच नाही. एका दिवसानंतर काढलं तर परत जवळ येतात. रॉकचं काम फक्त पेशीला पिळून मारणं नाहीये ना, गर्भात ते खूप कामाचं आहे. चपट्या पत्र्यासारख्या थरातून मज्जातंतूची नळी होते तेव्हा पेशींचा वरचा भाग आवळून थर वाकवायचं काम रॉकचंच, कोंबडीच्या गर्भात ते अडवलं तर थर नीट वाकत नाही. आणि ज्या उंदरांत रॉक-१ चा जीनच नाही ती पिल्लं उघड्या डोळ्यांनी जन्माला येतात. उंदराचं पिल्लू पापण्या मिटून जन्मायला हवं, पण पापणीच्या कडेच्या पेशींना आवळून पुढे सरकताच आलेलं नसतं, आणि बेंबीचा भागही बंद झालेला नसतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या फोटोकडे बघत बसले होते. एक एन्झाइम, आणि पापणी मिटत नाही.

उंदराच्या ईएस पेशींना वाय लागत नाही, त्या सुट्या राहूनही जगतात. पैसे वाचवा.

आता चिर. हा माझा सगळ्यात आवडता रेणू आहे, कारण तो ज्याला थांबवतो ते जीएसके-३ मुळात फार वेगळं एन्झाइम आहे. नाव ऐकून वाटतं साखरेचं काहीतरी, आणि सापडलंही तसंच, १९८० मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीत, फिलिप कोहेन यांच्या लॅबमध्ये, सशाच्या स्नायूत. ग्लायकोजेन बनवणाऱ्या एन्झाइमवर फॉस्फेट चिकटवून त्याला बंद करतं, म्हणून ग्लायकोजेन सिंथेज कायनेज. चिरसुद्धा मुळात डायबेटीससाठी बनवलेला रेणू आहे, कायरॉन नावाच्या कंपनीचा, म्हणून नावात चिर. गर्भाचा आणि याचा संबंध काय असं वाटेल.

संबंध असा की बहुतेक कायनेज इशारा आला की चालू होतात, जीएसके-३ उलटं आहे, ते शांत पेशीत सतत चालूच असतं आणि इशारा आला की थांबतं. पेशीत बीटा-कॅटेनिन नावाचं प्रोटीन सतत तयार होत असतं आणि जीएसके-३ बसल्या जागी त्यावर फॉस्फेट चिकटवत राहतं, फॉस्फेट चिकटला की ते प्रोटीन तोडलं जातं. तयार करा, तोडा, तयार करा, तोडा. इतकं वाया कशाला घालवायचं असं मला आधी वाटायचं, पण त्यामुळे काय होतं, बाहेरून विंट नावाच्या प्रोटीनचा इशारा आला आणि जीएसके-३ थांबलं की नव्याने काही बनवायची वाट बघावी लागत नाही, तोडणं थांबलं की साठा आपोआप वाढतो, बीटा-कॅटेनिन केंद्रकात जातं आणि जीन्स चालू. गर्भाला घाई असते. आपल्याकडे धरणाचा दरवाजा बंद केला की पाणी चढायला लागतं, नवीन पाऊस पडावा लागत नाही, तसं.

आणि विंट या नावातला अर्धा भाग दिल्लीचा आहे हे किती जणांना माहितीये? फळमाशीतला विंगलेस हा म्युटंट, म्हणजे पंख नसलेली माशी, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आर. पी. शर्मा यांना सापडला, १९७३ मध्ये त्यांनी तो नोंदवला आणि १९७६ मध्ये शर्मा आणि चोप्रा यांचा सविस्तर पेपर आला. पुढे उंदराच्या कॅन्सरमधला इंट-१ नावाचा जीन आणि हा विंगलेस एकच घराणं निघालं, आणि विंगलेसचा डब्ल्यू आणि इंट जोडून विंट झालं. कॉलेजात मला हे कोणीच सांगितलं नाही, परदेशी पाठ्यपुस्तकाच्या एका ओळीत सापडलं, म्हणून इथे मुद्दाम लिहितेय.

जीएसके-३ थांबवलं तर गर्भात काय होतं ते बघायला बेडूक सगळ्यात चांगला. गर्भाच्या पोटाकडच्या बाजूला ते बंद केलं की तिथे दुसरा पाठीचा अक्ष उगवतो. लिथियमने गर्भ बिघडतात हे तर १८९० च्या दशकापासून माहीत होतं, समुद्री साळिंदराच्या, म्हणजे सी अर्चिनच्या, गर्भांवर हर्बस्ट यांनी केलेलं काम, पण लिथियम जीएसके-३ ला थांबवतं हे कळायला १९९६ उजाडलं. हो, तेच लिथियम जे बायपोलर आजारात देतात. आणि हायड्रा, आपल्या डबक्यात सापडणारा एवढासा जीव, त्याला जीएसके-३ अडवणारा दुसरा एक रेणू दिला की तोंडाजवळ असायला हवेत ते टेंटॅकल अंगभर उगवतात. पुण्यात हायड्रावर आघारकर संस्थेत काम झालंय आणि विद्यापीठात लीला मुल्हेरकर बाईंनी कोंबडीच्या गर्भावरचं काम आणि शिकवणं रुजवलं, त्यामुळे अंड्याला खिडकी पाडून गर्भ बघणारी माणसं या गावात बरीच भेटतात आणि त्यांच्याशी गप्पा मारल्या की या बाटल्यांकडे बघायची नजरच बदलते. प्लेटमधल्या पेशी म्हणजे गर्भाचा एक तुकडा आहे आणि तो अजून वेळापत्रक पाळतोय हे त्यांच्याकडूनच शिकले.

तर वापर. उंदराच्या ईएस पेशींसाठी ३ मायक्रोमोलर, सोबत पीडी १ मायक्रोमोलर, या जोडीला टू-आय म्हणतात, म्हणजे दोन इन्हिबिटर. केंब्रिजमध्ये ऑस्टिन स्मिथ यांच्या गटाने २००८ मध्ये आणलं. त्याआधी काय होतं, १९८१ मध्ये उंदराच्या ईएस पेशी पहिल्यांदा वेगळ्या केल्या तेव्हापासून खाली पोसणाऱ्या फीडर पेशींचा थर, वर सीरम, मग १९८८ पासून लिफ नावाचं प्रोटीन. सीरम म्हणजे जनावराच्या रक्तातला काढा, प्रत्येक लॉट वेगळा, एका लॉटमध्ये पेशी छान आणि दुसऱ्यात निम्म्या बिघडलेल्या. टू-आयने दाखवलं की पेशींना स्टेम सेल राहायला बाहेरून फारसं काही द्यावं लागत नाही, आतले दोन इशारे अडवले की पुरतं. आणि त्याच जोरावर उंदरासोबत उंदरापेक्षा मोठ्या घुशीसारख्या रॅटच्याही खऱ्या ईएस पेशी २००८ मध्ये मिळाल्या, ज्या आधी इतकी वर्षं कोणाला जमत नव्हत्या. आमच्या टू-आयमधल्या कॉलनी बघायला या कधीतरी, घुमटासारख्या उंच, कडा चकचकीत, एकही बाहेर पळालेली पेशी नाही.

आयपीएसवाल्यांनो थांबा, हे तुमच्यासाठी नाही. माणसाच्या नेहमीच्या आयपीएस पेशी गर्भाच्या थोड्या पुढच्या टप्प्यावरच्या असतात, त्यांना एफजीएफ आणि ॲक्टिव्हिन ही इशारा देणारी प्रोटीनं हवी असतात, टू-आय टाकलं तर टिकायच्या ऐवजी बदलायला लागतात. तुमच्यासाठी चिरचं काम वेगळं, त्याच्या जास्त डोसने त्यांना मुद्दाम हृदयाच्या वाटेला लावायचं. पहिल्या दिवशी १२ मायक्रोमोलर चिर, बरोबर चोवीस तास, मग काढा, आणि काढल्यापासून दोन दिवसांनी आयडब्ल्यूपी-२ टाका. हा आयडब्ल्यूपी पॉर्क्युपाइन नावाच्या एन्झाइमला अडवतो, जे विंटला चरबीचं शेपूट लावतं, ते शेपूट नसेल तर विंट पेशीतून बाहेरच पडत नाही. म्हणजे आधी विंटचा रस्ता सताड उघडा आणि दोन दिवसांनी तोच बंद. हा उलटसुलट प्रकार कोणी मनाने काढलेला नाही, गर्भ हेच करतो, सुरुवातीला विंट असेल तर मधला थर तयार होतो, आणि नंतरही तो चालू राहिला तर त्याच थरात हृदय होत नाही. आठव्या-दहाव्या दिवशी प्लेट मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि एक कोपरा हलताना दिसला, सगळा कोपरा एका लयीत, तेव्हा लॅबमधलं सगळं सोडून सगळे येऊन बघून गेले. मी आईला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. ती म्हणाली, अगं पण हे कोणाचं आहे? मी म्हटलं, एका माणसाच्या कातडीच्या पेशीपासून सुरू केलंय आई. ती बराच वेळ गप्पच होती.

आता तो अर्धा स्टार. मागच्या वर्षी सलग तीन बॅचमध्ये काहीच धडधडलं नाही. पेशींचा पॅसेज बदलला, मीडिया नवीन केला, कोटिंग बदललं, मुलं रडकुंडीला आली, एकीचा सबमिशनचा महिना होता. शेवटी मी फ्रीझरमधली मूळ बाटली काढून लेबल भिंगातून वाचलं, आणि त्यावर ट्रायहायड्रोक्लोराइड लिहिलेलं होतं. आम्ही मागवलं होतं साधा बेस, कोटेशनवर बेस, बिलावर बेस, आणि बाटलीत मीठ, म्हणजे सॉल्ट, त्याच रेणूचं आम्ल जोडलेलं जड रूप. साध्या चिरचं मॉलेक्युलर वेट ४६५.३, ट्रायहायड्रोक्लोराइडचं ५७४.७, म्हणजे आम्ही हिशेब ४६५ ने करत होतो आणि पेशींना १२ च्या ऐवजी जेमतेम ९.७ मायक्रोमोलर मिळत होतं. एवढ्याशा फरकाने हृदय होत नाही. तिथे डोसची खिडकी फार अरुंद आहे आणि प्रत्येक सेल लाइनची वेगळी. सप्लायरला फोन केला तर म्हणाले मॅडम काम तर तेच करतं ना. नाव लिहित नाही, पण तुम्ही कोणाकडूनही घ्या, बाटली हातात आली की आधी लेबलवरचं वेट वाचा, कॅटलॉगवरचं नको, लॉट सर्टिफिकेट मागा आणि मिळेपर्यंत माल स्वीकारल्याची सही करू नका. डोस बरोबर केल्यावर पुढच्याच बॅचला धडधड आली.

बाकी त्रास एकच, चिर पाण्यात विरघळत नाही. डीएमएसओमध्ये १० मिलीमोलर करा, कोमट करून घ्या, आणि फ्रीजमधून काढलेल्या गार मीडियात एकदम ओतू नका, सुईसारखे स्फटिक दिसतील. मीडिया ३७ ला आणा, हळूहळू टाका, हलवत राहा. बाकी रेणू म्हणून अतिशय नेमका आहे, जीएसके-३ बीटाला अर्ध्यावर आणायला टेस्ट ट्यूबमध्ये ६.७ नॅनोमोलर पुरतं आणि जवळच्या नात्यातल्या कायनेजना तेवढ्यात धक्काही लागत नाही.

पीडीबद्दल थोडी जपून बोलते. हा मेकला अडवतो, मेक पुढे अर्क नावाच्या दुसऱ्या कायनेजला चालू करतं, आणि अर्क म्हणजे पेशीला सांगणारा निरोप्या की आता बदल, पुढे जा. उंदराच्या गर्भात साधारण साडेतीन दिवसांनी आतल्या पेशींच्या गोळ्यात दोन प्रकार मिसळलेले दिसतात, मीठ आणि मिरपूड टाकल्यासारखे, काही नॅनॉगवाल्या, म्हणजे नॅनॉग हे प्रोटीन असलेल्या, ज्यांचं पुढे पिल्लू होणार, काही गॅटा-६ या प्रोटीनवाल्या ज्यांची योक सॅककडची आवरणं होणार. त्या वेळी मेक अडवलं तर सगळ्याच नॅनॉगवाल्या होतात, आणि उलट एफजीएफ-४ भरपूर दिलं तर सगळ्या गॅटा-६ वाल्या. म्हणजे पिल्लू की आवरण हा निर्णय या एका साखळीच्या जोरावर होतो. ईएस पेशी स्वतःच एफजीएफ-४ सोडत असतात, स्वतःलाच पुढे ढकलत असतात, म्हणून पीडी टाकलं की त्या थांबून राहतात.

एक स्टार का कापला ते सांगते. पीडीत पेशी इतक्या सुंदर दिसतात की लोक वर्षभर तशाच वाढवत राहतात. २०१७ मध्ये एकाच वेळी दोन गटांनी दाखवलं की खूप पॅसेज मेक अडवून ठेवलं तर डीएनएवरच्या मिथाइल खुणा पुसल्या जातात, आईकडून-बापाकडून आलेल्या जीन्सवरचे शिक्केसुद्धा, आणि ते नंतर पीडी काढलं तरी परत येत नाहीत, अशा पेशींपासून पिल्लू बनवायला गेलं तर नीट बनत नाही. मी वर म्हटलं ना धुऊन काढता येतं म्हणून, तर ही त्याची मर्यादा आहे. रेणू धुतला जातो, तो असताना जे झालं ते सगळं धुतलं जात नाही. आम्ही आता सुरुवातीच्या पॅसेजच्या भरपूर नळ्या फ्रीझ करून ठेवतो आणि ठरावीक पॅसेजनंतर नवी नळी काढतो, शिवाय पीडी कमी डोसनेही चालतं का हे आपल्या लाइनवर बघून घ्यावं, आमच्याकडे चाललं.

मेकच्या बाबतीत कमी-जास्त दोन्ही महागात पडतं. मेक-१ नसलेला उंदराचा गर्भ साडेदहा दिवसांच्या सुमाराला मरतो कारण वारेत रक्तवाहिन्या नीट होत नाहीत. आणि माणसात हीच साखळी जन्मतः थोडी जास्त चालू असली तर नूनन सिंड्रोमसारखे आजार होतात, हृदयाची झडप अरुंद, उंची कमी, आणि त्यातल्या साधारण निम्म्या मुलांत दोष असतो एका फॉस्फेटेजच्या जीनमध्ये, म्हणजे फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइममध्ये. पीडी आता औषध म्हणूनही आलंय, मिर्डामेटिनिब नावाने, फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेत त्याला न्यूरोफायब्रोमॅटोसिस-१ या आजारात नसांवर येणाऱ्या गाठींसाठी मंजुरी मिळाली. ज्या बाटलीतून आपण रोज एक मायक्रोलिटर काढतो तोच रेणू कोणीतरी मूल गोळी म्हणून घेतंय, तेव्हा हलगर्जीपणाने हाताळू नका, ग्लोव्ह्ज घाला, लॅबमध्ये कोणी गरोदर असेल तर तिला या पावडरी वजन करायला देऊ नका. हे शेवटचं आमच्याकडे लेखी नियम म्हणून लावलंय.

एक गोष्ट रिव्ह्यूच्या बाहेरची, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी स्टेम सेलमध्ये काम करते हे कळल्यावर नात्यातल्या एका ताईंनी फोन केला, त्यांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे आणि एका क्लिनिकने स्टेम सेलची इंजेक्शनं सांगितली होती, घर गहाण टाकायची तयारी होती त्यांची. मी त्यांना एवढंच सांगितलं की ताई, आमच्याकडे एका प्लेटमधल्या पेशींनी हृदय व्हावं म्हणून आम्ही तास मोजतो, १२ चं पावणेदहा झालं तर होत नाही, आणि तिथे पेशी शरीरात सोडून त्या आपोआप जिथे हव्या तिथे जाऊन हवं ते होतील असं सांगतायत, ते कशाच्या जोरावर हे त्यांना लेखी विचारा. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे, ठरावीक आजारांसाठीचं रक्त बनवणाऱ्या पेशींचं प्रत्यारोपण, ज्याला आपण बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो, ते सोडून बाकी सगळं फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच, आणि ट्रायलला पेशंटकडून पैसे घेत नाहीत. त्यांनी विचारलं, उत्तर आलं नाही, घर वाचलं. मुलाची फिजिओथेरपी चालू आहे.

तर घ्यायचं कोणी? माणसाच्या आयपीएस किंवा ईएस पेशी असतील तर वाय डोळे झाकून घ्या, त्याशिवाय कामच सुरू करू नका. मुंबईत परळच्या प्रजनन आरोग्य संस्थेत किंड-१ आणि किंड-२ या माणसाच्या ईएस लाइन तयार झाल्या होत्या, बंगळुरूच्या जेएनसीएएसआर या संशोधन संस्थेत बीजेएनहेम-१९ आणि २०, म्हणजे आपल्या मातीतल्या लाइनही आहेत, नुसतं परदेशी लाइनवर अवलंबून राहायची गरज नाही. हृदय किंवा इतर काही बनवायचं असेल तर चिर, पण आधी आपल्या लाइनवर ६, ८, १०, १२ असा डोस तपासून मगच, दुसऱ्या कोणाच्या प्रोटोकॉलमधला आकडा उचलू नका. उंदराच्या ईएससाठी चिर आणि पीडी दोन्ही, सोबत लिफ असेल तर अजून निवांत. आणि छोट्या कॉलेजमध्ये असाल, बजेट नसेल, तर एखाद्या मोठ्या लॅबला विचारा, आम्ही स्वतः दोन कॉलेजांना अॅलिकोट दिलेत, १०० मायक्रोलिटर वायमध्ये त्यांचं अख्खं सेमिस्टर निघालं.

सध्या आमची वायची तिसरी बाटली चालू आहे. लातूरहून आलेल्या नव्या मुलीने आज दुपारी साडेतीनला आयुष्यातली पहिली आयपीएस प्लेट सुटी करून लावलीये, इनक्युबेटरच्या दारावर तिने पिवळ्या कागदावर वेळ लिहून चिकटवलीये, आणि उद्या रविवार असला तरी साडेतीनला मीडिया बदलायला आम्ही दोघी येणार आहोत.